कोतवाल बुकातील पूर्वज

पितृपक्षात तर्पण करणारा गृहस्थ पिता, पितामह आणि प्रपितामह अशी तीन नावे उच्चारतो आणि तेथेच थांबतो. त्यापलीकडची नावे शास्त्राने मागितली नाहीत, आणि गोत्र विस्मरणात गेलेच असेल तर काश्यप म्हणावे, इतकी सवलतही ठेवली. सरकारचे मन शास्त्राइतके उदार नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या मुलास राखीव जागेवर प्रवेश हवा असेल, तर अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांच्या आधीचा पुरावा त्याला पडताळणी समितीपुढे ठेवावा लागतो. आणि ज्याच्या घराण्यात शाळेची पायरी प्रथम बापानेच चढली, त्याच्याजवळ आज्याचा शाळेचा दाखला कोठून असणार? मग तो तहसील कचेरीत नकलेचा अर्ज देतो, आणि धुळीने माखलेल्या बस्त्यातून कोतवाल बुक बाहेर येते.

कोतवालाने गावातील जन्ममृत्यूची वर्दी द्यावी आणि ती गावदप्तरात चढावी, ही रीत वऱ्हाडात इंग्रजी अमलात रुजली. इंग्लंडात १५३८ सालापासून चर्चच्या वह्यांत दफनाची नोंद होऊ लागली, म्हणून तेथील माणूस कुळाचा शोध थडग्यापासून आरंभितो. आमच्याकडे मुसलमान, लिंगायत, ख्रिस्ती आणि कित्येक आदिवासी कुळे मृतास भूमीत ठेवीत असली, तरी नाव कोरलेला दगड क्वचितच कोणाच्या वाट्यास आला. आणि ज्याचे दहन झाले, त्याची राख नदीने नेल्यावर त्याच्या असण्याची खूण म्हणून कोतवाल बुकातली ती एक ओळच काय ती उरली. वणीस १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे १९६८ च्या प्रजासत्ताकदिनी निवर्तले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना आदरांजली वाहिली. त्यांच्याच जन्मसाली त्याच तालुक्यात जन्मलेल्या कास्तकाराच्या मृत्यूची वार्ता मात्र नाव, बापाचे नाव, जात, वय आणि ‘ताप’ एवढ्यातच आटोपली.

हा ‘ताप’ मोठा सर्वसमावेशक शब्द आहे. पटकी आणि देवी ओळखता येत, सर्पदंशाचे व्रण दिसत. बाकी ज्याचे निदान गावात कोणासच करता आले नाही, ते सारे तापाच्या रकान्यात गेले. १९१८ च्या शरदऋतूत इन्फ्लुएन्झाने मध्यप्रांत-वऱ्हाडात जो संहार मांडला, त्याचीही बहुतेक नोंद याच शब्दाखाली लपलेली आहे, आणि ज्या कुटुंबात एकाच पंधरवड्यात तीन-तीन माणसे गेली, त्या कुटुंबाच्या आजच्या वंशजांना तो प्रसंग ऐकूनही ठाऊक नसतो.

शोधकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा जिल्हा १८६४ साली निराळा झाला तो ‘आग्नेय वऱ्हाड’ या नावाने; पुढे तो ‘वणी’ झाला, ‘यवतमाळ’ हे नाव त्यास १९०५ साली मिळाले, आणि त्याच फेररचनेत मोडलेल्या वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका इकडे आला. म्हणून पुसदकडच्या जुन्या पिढ्यांचा माग काढताना वाशीमचे नाव विसरून चालत नाही. मेलेल्या माणसाचाही जिल्हा बदलू शकतो, हे आमच्या राज्यकारभाराचे एक वैशिष्ट्यच म्हणावयाचे.

सरकारी कागदाच्याही आधी कूळ सांगण्याची ही विद्या बहुतांशी कंठस्थ होती. गोंडांची कुळे परधान किंगरीवर गाऊन सांगत, बंजाऱ्यांच्या तांड्यांत ढाडी हे काम करीत, आणि नाशिकच्या रामकुंडावर अस्थी घेऊन गेलेल्या यजमानाचे कूळ तीर्थोपाध्याय आपल्या वहीत उतरवून घेत. ऐकणारे पांगले तशी किंगरी मंदावली, आणि आता साऱ्यांची भिस्त कचेरीतल्या त्या बस्त्यावर येऊन पडली आहे.

माझे गाऱ्हाणे असे, की आम्ही पूर्वजांचा हा एकमेव लेख केवळ जातीच्या रकान्यासाठी उघडतो. २०२३ साली मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने, आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर, जुनी दप्तरे सोडली गेली, मोडी वाचणारे शोधून आणावे लागले, सापडलेल्या नोंदी संकेतस्थळांवर चढल्या. एवढा खटाटोप झाला तो ‘कुणबी’ या एका शब्दासाठी, आणि त्याच्या शेजारी पडलेली माणसे पुनः बस्त्यात गेली. आरक्षणासाठी हा पुरावा मागावा की नाही हा वाद मी येथे काढीत नाही. परंतु पाने उलटलीच आहेत, तर प्रत्येक मौज्याची नामवार सूची करून, मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करून, त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवण्यास कोणाची हरकत असावी? आज अर्जदारास हवी तेवढी ओळ उतरून मिळते. वरची आणि खालची ओळ, जीत कदाचित त्याच्या आजीची बहीण असेल, ती त्याने पाहिलेलीच नसते.

पाहून तरी त्याला काय कळणार, हाही प्रश्नच आहे, कारण स्त्री या बुकात बहुधा कोणाची तरी बायको किंवा कोणाची तरी मुलगी असते, आणि नवजात बालकाचे बारसे झालेले नसल्याने नुसतेच ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ लिहिलेले असते. निरक्षर कोतवालाच्या वर्दीस दोष देणे सोपे आहे. पण आजच्या आमच्या निधनवार्ता तरी काय निराळ्या आहेत? ‘त्यांच्या पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे’ हे वाक्य ज्या सुशिक्षित हाताने रोज लिहिले जाते, त्याने त्या तीन मुलींची नावे आणि मृत स्त्रीचे माहेर लिहावयाचे ठरविले, तर शाई कितीशी जास्त लागेल? शंभर वर्षांनी कोणी आजच्या वृत्तपत्राचा अंक चाळीत बसला, तर त्याला आमच्या निम्म्या पिढीचा केवळ आकडा सापडेल.

गेल्या वर्षी माझ्या पणज्याच्या मृत्यूची नक्कल मी एका कचेरीतून आणिली. ओळखीच्या नक्कलनविसाने पान पुढे धरले म्हणून पुढच्याच महिन्यातली दुसरी नोंदही दिसली: त्याचीच बायको, वय अदमासे तीस, ताप. घरी येऊन म्हाताऱ्या आत्याला वाचून दाखविले, तेव्हा ती नकलेकडे न बघताच म्हणाली, “थे मोंगलाईतली होती, बापा. पैनगंगेच्या पल्याडची.” मग तिने पणजीचे नाव सांगितले, माहेरचे गावही सांगितले. पैनगंगा ही तेव्हा वऱ्हाडची आणि निजामाच्या मुलुखाची सरहद्द. म्हणजे त्या गावचे दप्तर, कोठे उरले असलेच तर, निराळ्याच राज्याच्या कागदांत. दोन्ही नावे मी नकलेच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत, आणि पावसाळा सरला की नदी ओलांडून जाण्याचे योजिले आहे.