परतीचा दोर

मराठी भाषेला दोराची वाण कधीच पडलेली नाही. गाईला दावे, बैलाला कासरा, मोटेला नाडा, बाजेला सुंभ आणि लांबलेल्या बोलण्याला चऱ्हाट! शिवाय ‘परतीचे दोर कापणे’ आहेच. १६७० साली कोंढाण्यावर सूर्याजी मालुसऱ्याने तो वाक्प्रचार आपल्या हवाली केला, असे परंपरा सांगते. पण दोर आणि माणूस यांच्यामध्ये जी वीतभर धातूची वस्तू असते, तिला मात्र आपल्याकडे घरगुती नाव नाही. गिर्यारोहक तिला ‘डिसेंडर’ म्हणतात. आज तिच्याविषयी चार शब्द.

हा विषय आता परका राहिलेला नाही. पावसाळा लागला की घरोघरची मुले-मुली सह्याद्रीतल्या धबधब्यांवरून दोराने उतरायला निघतात. त्यांतल्या एखाद्याला मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांची स्वप्ने पडू लागतात आणि मग आईला झोप लागत नाही. आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात गुहा म्हणजे बहुधा लेणे. दारातून आत जावे, मान वर करून पाहावे, बाहेर येऊन भेळ खावी. चुनखडीत तसे नसते. तिथे पाणी दगड विरघळवते आणि जमिनीच्या पोटात सरळ विहिरी तयार होतात. मेक्सिकोतल्या ‘सोतानो दे लास गोलोंद्रिनास’ या विवरात सखल काठापासून तळ सुमारे ३३३ मीटर खोल आहे. म्हणजे एकावर एक साडेचार कुतुबमिनार!

अशा जागी सारे लक्ष दोराच्या जाडीकडे जाते. पण १९५२ साली फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरील पिएर-सँ-मार्तँ या विवरात काय घडले, ते पाहा. मार्सेल लूबाँ हा कसलेला गुहासंशोधक पोलादी तारेच्या दोराने वर ओढला जात होता. दोर तुटला नाही. दोर आणि त्याचा पट्टा यांना जोडणारी लहानशी पकड सुटली, आणि लूबाँ तळाच्या दगडांवर कोसळला. त्याचा अंत तिथेच झाला. त्याचा देह वर आणायला १९५४ साल उजाडले. घात दोराने नव्हे, सांध्याने केला.

तेव्हा डिसेंडर निवडायचा कसा? आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची ती इंग्रजी आठच्या आकड्याची कडी. स्वस्त, हलकी, समजायला सोपी. पण ती दोराला पीळ घालते; दोर ओवताना बहुधा कॅराबिनरमधून काढावी लागते, म्हणजे हातातून निसटण्याची भीती; आणि अधांतरी लटकत असताना तिचे घर्षण कमी-जास्त करणे सोपे नसते. धबधब्यावर ती चालून जाते. खोल विवरात तिच्यावर विसंबू नये.

खोल विवरासाठी अमेरिकेत १९६६ साली जॉन कोल याने ‘रॅक’ काढला. उलट्या यू अक्षरासारखी सळई आणि तीत सरकणाऱ्या आडव्या दांड्या. यातली मौज अशी, की उतार सुरू करताना खाली लोंबणाऱ्या दोराचे वजनच ब्रेक लावते. जसजसे खाली जावे तसतसे ते वजन घटते आणि वेग वाढू पाहतो. अशा वेळी रॅकमध्ये आणखी एक दांडी चढवता येते. मात्र दोर दांड्यांच्या उलट बाजूने ओवला, तर भार पडताच दांड्या उघडतात आणि दोर मोकळा होतो.

युरोपातले गुहासंशोधक दोन न फिरणाऱ्या कप्प्यांचे साधन वापरतात. त्याच्या एका प्रकाराला मूठ असते. दाबली की माणूस खाली सरकतो, सोडली की थांबतो. ऐकायला किती छान! पण घाबरलेला माणूस हात सोडत नाही. तो हाताला येईल ते घट्ट आवळतो, आणि मूठ आवळणे म्हणजेच खाली जाणे. म्हणून काही नव्या साधनांत मूठ फार दाबली तरी ती थांबेल, अशी योजना असते.

सांगायचे ते एवढेच. दुकानदार सांगतो, साधन किती भार पेलते. आपण विचारावे, की हात चुकला तर ते काय करते.

आणि चिरंजीव किंवा कन्यारत्न पाठीवर पिशवी टाकून निघाले, की ‘जपून जा’ म्हणण्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. बाळ, साधनावर लिहिलेल्या जाडीचाच दोर आहे ना? दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारली आहे ना? साधनावर वजन टाकून पाहिल्यावरच सुरक्षेचा दुवा सोडतोस ना? आणि त्याच दोराने वर चढून येण्याची साधने, आणि त्यांची सवय, तुझ्याजवळ आहे ना? पहिल्या तिघांची उत्तरे बहुतेक जण देतात. चौथ्याला पुष्कळजण अडखळतात. जो अडखळेल, त्याने अजून काही आठवडे ओळखीच्या कड्यावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली सराव करावा.

सूर्याजीने दोर कापले, कारण त्याला गड हवा होता. विवरात उतरणाऱ्याला गड घ्यायचा नसतो; खालचा अंधार पाहून त्याला जेवायच्या वेळेला घरी यायचे असते.