चाळणीने काय काय अडणार?



सौदीसारखी इंटरनेटला चाळणी लावली की मुले सुरक्षित, हा आपल्या लेखकाचा दावा अर्धवट माहितीवर उभा आहे. सौदीत १९९९ साली इंटरनेट लोकांना खुले झाले तेच चाळणीसकट. तरीही २००५ मध्ये राष्ट्रीय कुटुंब सुरक्षा कार्यक्रम आणि २०१४ मध्ये बालसंरक्षण कायदा आणावाच लागला. चाळणी संकेतस्थळ अडवते. मोबाइलवरच्या गेममध्ये ‘घरी कोण कोण आहे?’ विचारणारा अनोळखी ‘दादा’ तिला दिसत नाही. आणि आपल्याकडे, भारतात? पॉक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालील, ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे (एनसीआरबी) अहवाल सांगतात. शेजारी, नातलग, शिकवणीचे सर. यांना कुठला फिल्टर लावणार? चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ क्रमांक किती शाळांच्या भिंतींवर आहे, तेवढे लेखकाने बघून यावे.

– एक वाचक, दम्माम