धावपट्टी मागताना टॉवरही मागा

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर टॉवर आहे. कोणी आधी उतरायचे, कोणी थांबायचे, ते तिथून ठरते. पण आडगावी धावपट्टी मागताना आमच्या व्यापारी बांधवांच्या तोंडी टॉवरचे नाव क्वचितच येते. हे आम्हाला खटकते.

टॉवर नसेल तिथे वैमानिकच रेडिओवरून एकमेकांना सांगतात, आपण कुठे आहोत आणि कोणत्या धावपट्टीवर उतरणार. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी असेच चालले होते. उतरणाऱ्या प्रवासी विमानाने विचारले, दुसऱ्या धावपट्टीच्या टोकावरचे विमान थांबणार आहे ना? उत्तर दिले त्या विमानामागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच वैमानिकाने, तेही अर्धवट ऐकू आले. शाहू मार्केट यार्डात बोली कोणाची, हे पाहिल्याशिवाय अडत्या गुळाचा सौदा लिहीत नाही. इथे आवाजाचा धनी कोण, याची खात्रीच झाली नाही. प्रवासी विमान निर्धास्त उतरले. दुसरे त्याच वेळी उड्डाणासाठी धावत होते. धावपट्ट्या जिथे छेदतात तिथे टक्कर झाली. प्रवासी विमानाचे दार उघडेना, आग भडकली, विमानतळावर बंब हजर नव्हता. दोन्ही विमानांतले मिळून १४ जण गेले.

तेव्हा निवेदनात धावपट्टीच्या लांबीबरोबर टॉवर आणि बंबही लिहावा. टॉवर लगेच जमत नसेल तर रेडिओवर बसणारा जाणता माणूस तरी हवा. खर्च वाढेल, कबूल. विमान वर्षभर उशिरा आले तरी आमची तक्रार नाही.