शेवटचा बास्केट धरायचा की नाही? पंच कुठे उभा आहे, ते आधी पाहा

शहागंजच्या टॉवरवरचे घड्याळ अनेक वर्षे बंद होते, तरी शहराचे काही अडले नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र सेकंदाचा दहावा भागही निकाल फिरवतो. शालेय स्पर्धेत जिल्ह्यातून विभागात आणि विभागातून राज्यात जाण्याची संधी, शिवाय दहावी-बारावीचे क्रीडा गुण अशा एका फेकीवर अडकलेले असतात. म्हणून हा विषय केवळ पंचांचा नाही.

नियम काय सांगतो?
बझर वाजण्याआधी चेंडू हातातून सुटला असेल, तर बास्केट धरला जातो. बझर वाजताना चेंडू हातातच असेल, तर नाही. बोर्डाभोवती लाल दिवे असतील, तर आवाजापेक्षा दिवा प्रमाण. घड्याळात किमान ०.३ सेकंद उरले असतील तरच चेंडू पकडून फेकता येतो. त्याहून कमी वेळ असेल तर फक्त टॅप किंवा थेट डंक. १९९० मध्ये एनबीएत ट्रेंट टकरने ०.१ सेकंद उरले असताना चेंडू पकडून तीन गुण मिळवले, त्यानंतर तिथे ही मर्यादा आली.

पाहायचे कोणी?
दोन पंच असतील तर ‘लीड’ बास्केटजवळ अंतिम रेषेवर आणि ‘ट्रेल’ मागे असतो. शेवटची फेक ही ट्रेलची जबाबदारी. तीन पंच असतील तर टेबलाच्या समोरच्या बाजूच्या पंचाची. त्याने खेळाडूच्या पाठीमागे अडकायचे नाही. चेंडू सोडणारा हात बाजूने दिसेल अशी जागा धरायची. डोळे हातावर, कान बझरकडे. नजर चेंडूमागे रिंगकडे गेली, की निर्णय अंदाजावर उरतो.

मोबाइलचा व्हिडिओ चालेल का?
नाही. प्रेक्षकाचा व्हिडिओ हा नियमानुसार पुरावा नाही. सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या मोबाइलमध्ये दोन चित्रांत सुमारे ०.०३ सेकंदांचे अंतर राहते आणि गॅलरीतला कोन फसवा असतो. २००२ मध्ये लेकर्स-किंग्ज सामन्यात समाकी वॉकरचा बझरनंतरचा बास्केट एनबीएच्या तीन पंचांनीही धरला. लेकर्स एका गुणाने जिंकले. पुढच्या हंगामापासून रिप्ले आला.

मग करायचे काय?
आपल्या शालेय मैदानांवर रिप्ले लगेच येणार नाही. पण स्वस्त उपाय हातात आहेत. उद्घाटनाच्या मंडपाआधी मोठ्या आवाजाचा बझर आणि दहावा भाग दाखवणारे घड्याळ घ्या. हातातल्या स्टॉपवॉचवर ०.३ चा नियम पाळताच येत नाही. सामन्याआधी आणि शेवटच्या टाइमआउटला ‘शेवटची फेक कोण पाहणार’ हे पंचांनी आपसात ठरवावे. शंका आली तर टायमरला विचारावे. त्यात कमीपणा नाही.

पालकांनीही पंचावर ओरडण्याआधी आयोजकांना विचारावे : बझर सर्वांना ऐकू येतो का? मुलांची वर्षभराची मेहनत कुणाच्या अंदाजावर सोडू नये.