विम्याचे कार्ड आणि पालिकेची खाट

2025 च्या घटस्थापनेच्या दिवशी वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी रद्द झाला. दुसऱ्याच दिवशी, 23 सप्टेंबरला, आयुष्मान भारत योजनेला सात वर्षे पूर्ण झाली. महाराष्ट्र तर त्याहून पुढे गेला आहे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. मुख्यतः पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांसाठी असलेली ही योजना जुलै 2024 पासून पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू झाली आणि दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. डायलिसिससाठी, केमोथेरपीसाठी दागिने गहाण टाकणारी घरे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. तो मागे जाता कामा नये.

मात्र बिल कोण भरणार, एवढेच विमा ठरवतो. खाट, डॉक्टर आणि अतिदक्षता विभाग आधी उभे असावे लागतात. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत 18 रुग्ण दगावले, ते ठाणेकर विसरलेले नाहीत. पुनर्बांधणीसाठी ठाण्याचे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय पाडले गेले होते, त्याचा कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात हलवला होता, आणि शहापूर-मुरबाडपासूनचा सारा भार कळव्याच्या 500 खाटांवर येऊन पडला होता. तिथे कोणाच्या खिशात कोणत्या रंगाचे कार्ड आहे, याने काय फरक पडणार होता? कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयातून गंभीर रुग्णाला ‘कळव्याला न्या, नाहीतर सायनला’ असे सांगितले जाते, तेव्हा नातेवाईक आधी रुग्णवाहिका शोधतात आणि मग शिळफाट्याच्या कोंडीत अडकतात. विमा तिथे पोचत नाही.

खासगी रुग्णालयांचेही गाऱ्हाणे ऐकायला हवे. ठरलेल्या पॅकेजमध्ये शहरातला खर्च निघत नाही आणि दाव्यांचे पैसे रखडतात, असे ते सांगतात. मग काही जण योजनेत येतच नाहीत, काही मोजक्याच उपचारांपुरते येतात, आणि योजनेच्या मदतकक्षातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापुढे उभ्या माणसाला ‘हे योजनेत बसत नाही’ एवढेच उत्तर मिळते.

शिवाय या योजना मुळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे महिन्याच्या महिन्याला खिशातूनच घ्यावी लागतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार 2013-14 मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातला 64.2 टक्के वाटा लोक स्वतः उचलत होते. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, तरी उरलेला वाटाही थोडाथोडका नाही.

याहून पूर्ण व्यवस्था आपल्या दाराशीच आहे. 1948 च्या कायद्याने आलेली कामगार राज्य विमा योजना बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि आजारपणातल्या रजेचा 70 टक्के पगारही देते. पण तिची वेतनमर्यादा 2017 पासून 21 हजारांवरच थांबली आहे. वागळे इस्टेटमधल्या किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या कामगाराचा पगार त्यापुढे सरकला, की तो कालांतराने या छत्राबाहेर पडतो. मग त्याला कंपनीच्या सामूहिक पॉलिसीचा आधार, ती असेल तर आणि नोकरी आहे तोवर; त्या पॉलिसीवर जीएसटी मात्र कायम आहे.

म्हणून विम्याच्या सुधारणेचे पुढचे पाऊल इथूनच पडावे. कामगार विम्याची मर्यादा वाढवा. पालिका रुग्णालयांना योजनेच्या दाव्यांतून मिळणारा पैसा त्याच रुग्णालयात खर्च होऊ द्या, आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांनी त्याचा हिशेब दर तिमाहीला जाहीर करावा: किती आले, त्यातून किती परिचारिका नेमल्या, किती व्हेंटिलेटर सुरू झाले. पालिका निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हा हिशेब विचारला पाहिजे.