खिंडसीचं पाणी आधी धानाचं

रविवारी नागपूरच्या गाड्या खिंडसी तलावाकडे वळतात. त्यांच्यासाठी ते बोटिंग, आमच्यासाठी रोवणीचं पाणी. इंग्रजांच्या काळात, 1913 मध्ये, सूर नदीवर पाळ घातली गेली ती धानाच्या बांध्यांसाठी. बोटी नंतर आल्या. येऊ देत! नुसत्या धानावर घर चालत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पाहुणे आले तर पोरांच्या हाताला काम मिळतं.

माझं भांडण नियमांशी आहे. गोव्यात किंवा सिंधुदुर्गात समुद्राकाठी रिसॉर्ट बांधायचं म्हटलं की सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आडवं येतं. 2019 च्या अधिसूचनेतही विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्याला भरतीरेषेपासून 200 मीटरचं ना-विकास क्षेत्र आहे. (दाट वस्तीत ते 50 मीटरवर आणलं, तो राग वेगळा.) नियम तिथेही मोडतात, पण बोट ठेवायला कागदावर एक रेघ तरी आहे.

खिंडसीला सीआरझेड नाही, ते साहजिकच. मग 2017 चे पाणथळ जागांचे नियम काढून बघा. सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्यांतून वगळलेले! म्हणजे आमच्या शेतांना पाणी पाजतो, हाच या तलावाचा गुन्हा.

आणि धोका इथे समुद्रापेक्षा जास्त. समुद्राला भरती-ओहोटी आहे. तलावाचं पाणी पावसाळ्यानंतर उतरत जातं आणि उन्हाळ्यात जे थोडं उरतं, त्यातच आलेलं सगळं मुरतं. मैलापाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस शेवाळाला खत होतो. ते शेवाळ सडताना पाण्यातला प्राणवायू खातं. पहिला फटका मासळीला, म्हणजे ढिवरांच्या पोटाला. पाळीवर फेकलेल्या बाटल्या निदान दिसतात, उचलता येतात. शौचालयाच्या टाकीतून जमिनीत झिरपणारं कोणाला दिसतं?

म्हणून मागणी मोजकी आहे. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं, तिथून अंतर मोजून दगड रोवा. उन्हाळ्यातला काठ धरून मोजू नका. त्या दगडांच्या आत पक्कं बांधकाम नको. प्रत्येक हॉटेल-रिसॉर्टने मैलापाणी कुठे जातं, टाकी कधी उपसली, हे फाटकावर मराठीत लिहावं. आणि काठावरच्या नव्या परवानगीचा कागद पाणीवापर संस्थांपुढे आणि मासेमारांपुढे ठेवल्याशिवाय त्यावर सही होऊ नये.