ठासणीच्या बंदुकीला पॉलिश नको

फौजेत धातू दिसला की हात आपोआप ब्रासोकडे जातो. बक्कल आणि बिल्ल्यापुरतं ते ठीक आहे. पण मेसच्या भिंतीवर टांगलेल्या ठासणीच्या बंदुकीलाही तोच न्याय लावतात, हे मला अजिबात पटत नाही. कुठलासा व्हीआयपी येणार म्हटलं की कोतमधून पॉलिश पेपर निघतो आणि दुपारपर्यंत लॉकप्लेट आरशासारखी होते. कंपनी सरकारच्या बऱ्याच बंदुकांच्या लॉकवर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह कोरलेला असतो. तो एकदा घासून गेला की गेला. काही ठिकाणी तर वर काळा ऑइल पेंटही फासलेला पाहिलाय.

यावर थोडंफार वाचलेले लोक सांगतात, ब्राउनिंग करा. ब्राउनिंग म्हणजे मुद्दाम चढवलेला आणि आपल्या ताब्यात ठेवलेला गंज. पण आधी एक प्रश्न विचारा: या भागाला तो रंग मुळात होता का? १८५३ पॅटर्नची एनफिल्ड घ्या, १८५७ च्या काडतुसांमुळे आपल्या ओळखीची. तिची नळी ब्लू केलेली असे आणि लॉक केस-हार्डनिंगचं, निळसर-करड्या ढगाळ छटांचं. त्यावर तपकिरी रंग चढवणं म्हणजे दुसरी खोडाखोडच. तिथे नुसतं तेल पुसा आणि हात आवरा.

नागालँडच्या मोन भागातले कोन्याक कारागीर हाताने घडवत आलेत तशा साध्या बंदुकीची गोष्ट वेगळी. तिथल्या दमट हवेत उघडं लोखंड आठवड्यात तांबूस होतं, म्हणून ब्राउनिंग शोभतंही आणि उपयोगीही पडतं. तरीही लॉकमध्ये ते फक्त बाहेरच्या भागांना करावं: प्लेटची दर्शनी बाजू, घोडा, स्क्रूची डोकी. आतली स्प्रिंग, सिअर आणि टम्बलर यांना अ‍ॅसिड लावूच नये. टम्बलरच्या खाचेला खड्डे पडले तर अर्ध्यावर चढवलेला घोडा कधी निसटेल सांगता येत नाही. (लॉक खोलण्याआधी नळीत गज घालून तो बाहेरून मोजून पाहा. शंभर वर्षांची बंदूकही भरलेली निघते.)

काम सोपं आहे, पण घाईचं नाही. भाग सुटा करा, तेलाचा अंश राहू देऊ नका, नंतर उघड्या बोटांनी शिवू नका. द्रावणाचा अगदी पातळ हात एकदाच फिरवा. ओघळ आला की तिथे डाग पडलाच म्हणून समजा. बारीक गंज धरला की तारेच्या मऊ ब्रशने सुटी पूड झाडा आणि पुन्हा हात द्या. असे सहा-आठ फेरे लागतात. केस-हार्डनिंग असेल तर जास्तच. गंज धरलेला भाग मध्येच पाण्यात उकळलात तर तपकिरीचा काळा होतो, ती वेगळी पद्धत.

मोनसारख्या ठिकाणी पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो. बिकानेरच्या मे महिन्यात मात्र काहीच घडत नाही, तिथे पेटीत गरम पाण्याचं भांडं ठेवून भाग वर टांगावे लागतात. शेवटी खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात चांगलं धुऊन अ‍ॅसिड मारा आणि भाग कोमट असतानाच तेल द्या. दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या भोकांत पुन्हा एकदा बघा. उरलेलं अ‍ॅसिड तिथेच दडून बसतं.